सल्ला दुकानाचा, सायकल आपली

हैदराबादेत सायकल घ्यायला निघालं की दोन बाजार समोर येतात. एक कोठीच्या आसपासचा, जुना. दुकानाच्या छताला लहान मुलांच्या सायकली टांगलेल्या, दाराशी काळ्या रोडस्टरची रांग, फुटपाथवर पाण्याचं घमेलं आणि पंक्चरचं सामान. दुसरा पश्चिमेकडचा, गच्चीबावली-माधापूर-कोंडापूर भागातला. तिथे काचेचं दार, गार हवा, भिंतीवर कार्बनच्या फ्रेम आणि टॅबवर किमती दाखवणारी तरुण मुलं. दोन्हीकडच्या किमतींत जमीनअस्मानाचा फरक. तरी एक गोष्ट दोन्हीकडे फुकट आणि न मागता मिळते, ती म्हणजे सल्ला.

"गिअरवाली लेना मॅडम, बाद में परेशान होते." "ये सीट नक्को, जेलवाली डालता मैं." "नया सीख रैं ना आप, छोटी लेओ." कोठीकडे हे असं दखनीत ऐकू येतं. पश्चिमेच्या दालनात हिंदी, तेलुगू आणि इंग्रजीची सरमिसळ असते, पण सूर तोच. नवखे आहात तर हायब्रिडच घ्या. पुढे सस्पेन्शन नसेल तर इथल्या रस्त्यांवर मनगटं कामातून जातील. महिन्याभरात वरचं मॉडेल हवंसं वाटेल, मग आत्ताच का नाही?

मी चाळिशी ओलांडल्यावर सायकलकडे वळले. तेव्हापासून या दोन्ही बाजारांत माझी ये-जा आहे. कोठीचा भाग आम्हा मराठी घरांना तसा परका नाही. इसामिया बाजारात मराठी साहित्य परिषदेची वास्तू आहे, जवळच जांबागेत 1907 साली सुरू झालेली विवेकवर्धिनी आहे. परिषदेच्या कार्यक्रमाला जायचं आणि येताना सायकलीच्या दुकानात डोकवायचं, ही माझी ठरलेली फेरी. काउंटरच्या या बाजूला उभं राहून मी अनेक नवख्यांना सायकल घेताना पाहिलं आहे. उत्साहाने आत आलेली माणसं सल्ल्यांच्या माऱ्याने गप्प होत जातात. काहीजण गरजेपेक्षा दुप्पट पैसे देऊन बाहेर पडतात, काहीजण "विचार करून सांगतो" म्हणून जातात आणि परत येत नाहीत. हे दुसऱ्या प्रकारचं नुकसान मला जास्त मोठं वाटतं, कारण तिथे शहर एक सायकलस्वार गमावतं.

न मागितलेला सल्ला सरसकट वाईट, असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच की दुकानात दोन प्रकारचं ज्ञान समोरासमोर येतं. यंत्राचं ज्ञान दुकानाकडे असतं. वापराचं ज्ञान आपल्याकडे असतं: आपण कुठे जाणार, कोणत्या रस्त्याने, किती वेळा, काय सामान घेऊन, कोणत्या गुडघ्यांनी. नवखा माणूस पहिलं ज्ञान नसल्यामुळे दबतो आणि दुसरं आपल्याजवळ आहे हे विसरतो. चांगला सल्ला या दोन्हींना जोडतो, आणि म्हणून तो नेहमी प्रश्नापासून सुरू होतो.

ऐकायचा सल्ला

आधी दुकानाचं देणं मान्य करू. एकदा दुकानाबाहेर सायकल भिंतीला टेकवून ठेवली होती आणि मी फक्त एक दिवा घ्यायला आत गेले होते. बाहेर बसलेल्या वयस्कर मिस्त्रींनी हाक मारली, "आपा, इधर आओ." त्यांनी मागचं चाक उचललं, हाताने फिरवलं आणि ब्रेकच्या रबराकडे बोट दाखवलं. रबर रिमवर टेकण्याऐवजी थोडं वर सरकून टायरच्या कडेला घासत होतं. कडेवरचा रबराचा थर झिजून आतले धागे दिसायला लागले होते. त्यांनी पाना घेतला, नट सैल केला, रबर दोन-तीन मिलिमीटर खाली घेतलं, ब्रेक दाबून धरला आणि नट आवळला. मग चाक पुन्हा फिरवून कान लावला. घासण्याचा आवाज बंद. "टायर बदल लेना, उतार पे फटा तो मुश्किल." सगळं मिळून दोन मिनिटं लागली.

हा सल्लाही मी मागितला नव्हता. पण तो सुरक्षेचा होता आणि डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीवर उभा होता. ब्रेक, टायरची कड, चाकाची डगमग, सैल हँडल, फ्रेमच्या जोडावरची चीर, झिजलेली चेन यांबद्दल कुणी बोललं तर ते लगेच ऐकावं आणि वर "दाखवा" म्हणावं. खरा जाणकार दाखवतो. चेन झिजली आहे असं सांगणारा चेन मोजायची पट्टी लावून दाखवू शकतो. पट्टीचं टोक कडीत पूर्ण खाली गेलं तर चेन बदलायची वेळ झाली, नाही गेलं तर अजून चालेल. बदलायला उशीर झाला तर झिजलेली चेन मागच्या चक्राचे दातही खाते आणि खर्च वाढतो. हे पाच मिनिटांत समजावून देणारा मिस्त्री नवख्याचा पहिला शिक्षक असतो.

तपासून घ्यायचा सल्ला

दुसऱ्या प्रकारचा सल्ला अर्धा खरा असतो. त्यात सगळ्यात वरचा नंबर गिअरचा. "21 गिअर है" हे वाक्य दुकानात असं उच्चारलं जातं की जणू गिअर जितके जास्त तितकी सायकल मोठी. 21 गिअर म्हणजे पुढे तीन चक्रं, मागे सात. यांतले बरेचसे एकमेकांच्या जवळपासचेच असतात. चढ असलेल्या शहरात विचारायचा प्रश्न वेगळा आहे: सगळ्यात हलका गिअर किती हलका?

हैदराबाद सपाट नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे 500 मीटर उंचीवरच्या ग्रॅनाइटच्या पठारावर हे शहर पसरलं आहे, आणि बंजारा हिल्स, जुबिली हिल्स ही नावं उगाच पडलेली नाहीत. आता हिशेब करू. साध्या 21 गिअरच्या डोंगरी सायकलीत पुढचं सगळ्यात लहान चक्र बऱ्याचदा 24 दातांचं आणि मागचं मोठं 28 दातांचं असतं. 24 भागिले 28 म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात चाक जेमतेम 0.86 फेरा फिरतं. 26 इंची चाकाचा घेर दोन मीटरच्या थोडा वर, म्हणजे एका फेऱ्यात सायकल सुमारे पावणेदोन मीटर पुढे जाते. आता पश्चिमेच्या दालनातली कितीतरी पट महाग रोड बाइक घ्या. पुढे लहान चक्र 34 चं, मागे मोठं 28 चं असेल तर एका फेऱ्याला अडीच मीटर. चढावर तेवढंच जास्त बळ गुडघ्यांतून काढावं लागतं. तरुण, कसलेल्या पायांना ते जमतं. नुकती सुरुवात केलेल्या पन्नाशीच्या माणसाला जुबिली हिल्सच्या चढावर स्वस्त सायकलच जास्त साथ देईल. म्हणून "गिअर किती?" यापेक्षा "मागचं मोठं चक्र किती दातांचं, पुढचं लहान किती?" हे विचारावं. काउंटरवरच्या मुलाला उत्तर येत नसेल तर दोघांनी मिळून दात मोजावेत. त्यात कमीपणा कुणालाच नाही.

सीटच्या उंचीचंही तसंच. "बैठ के दोनों पाँव जमीन को लगना" हा सल्ला जवळजवळ प्रत्येक दुकानात मिळतो. तोल शिकायच्या पहिल्या दिवसांत तो बरोबरच आहे, कारण पाय टेकता आले की भीती जाते. पण तोल आल्यावर सीट तिथेच राहिली तर प्रत्येक फेऱ्याला गुडघा फार दुमडतो आणि काही दिवसांत त्याची पुढची बाजू दुखू लागते. घरच्या घरी तपासायची रीत सोपी आहे. भिंतीला धरून सीटवर बसावं, पॅडल सगळ्यात खाली न्यावं आणि त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला तर उंची साधारण योग्य. मग चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात हलका बाक उरतो. फिटिंग करणारे जाणकार हा बाक साधारण 25 ते 35 अंश धरतात. ही उंची आली की सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला पुरे टेकत नाहीत. थांबताना सीटवरून पुढे उतरावं लागतं, आणि ते एका सकाळी शिकता येतं.

जेलच्या सीटबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण नवख्यांना, त्यातही बायकांना, ती हटकून दाखवली जाते. अंगठ्याने दाबली की छान मऊ लागते. पण आपलं वजन पेलायला बसण्याची दोन हाडं असतात. फार मऊ गादीत ती हाडं खाली रुततात आणि मधला भाग वर येऊन नाजूक जागी दाबतो. अर्ध्या तासाच्या फेरीत हे कळणार नाही, दोन तासांच्या फेरीत कळेल. आपल्या हाडांच्या रुंदीला जुळणारी, जराशी घट्ट सीट लांबच्या फेरीला जास्त सोसते. रोज फक्त भाजी आणायला जायचं असेल आणि पाठ ताठ ठेवून बसायची सवय असेल तर रुंद, मऊ सीट अगदी योग्य. पुन्हा तेच: यंत्राबद्दल दुकान सांगेल, फेरी किती लांब हे आपल्यालाच ठाऊक.

बंद करायचा सल्ला

तिसऱ्या प्रकारचा सल्ला सायकलीबद्दल नसतोच. तो आपल्याबद्दल असतो. "इतक्या वजनाला ही सायकल टिकेल का?" "या वयात रोडवर कशाला, घरात व्यायामाची सायकल घ्या." "लेडीज मॉडेलच बरं दिसेल." एका दुकानात मी प्रश्न विचारत होते आणि विक्रेता प्रत्येक उत्तर माझ्या नवऱ्याकडे बघून देत होता. नवऱ्याने "सायकल तिची आहे, तिच्याशी बोला" असं सांगितलं, तरी दोन वाक्यांनंतर नजर पुन्हा तिकडेच. असा अनुभव सांगणाऱ्या बायका मला वारंवार भेटतात, आणि तो ऐकताना मला दर वेळी तितकाच राग येतो.

याचा इतिहास जुना आहे. 1890 च्या दशकात युरोप-अमेरिकेत सायकलची लाट आली तेव्हा बायकांवर सल्ल्यांची बरसात झाली. 1895 मध्ये 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्राने सायकल चालवणाऱ्या बायकांसाठी 41 'करू नका' छापले. रस्त्यात भोवळ येऊन पडू नका इथपासून पोशाखाबद्दल लोकांना मत विचारू नका इथपर्यंत. काही डॉक्टरांनी 'सायकलचा चेहरा' नावाचा विकारच काढला: तोल सांभाळण्याच्या ताणाने चेहरा ओढला जातो, डोळे बटबटीत होतात आणि बायकांनी यापासून सावध राहावं. याच काळात फ्रान्सिस विलर्ड या कार्यकर्तीने वयाच्या 53 व्या वर्षी सायकल शिकून 1895 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. सल्ले जुने झाले आणि विरले, सायकल चालवणाऱ्या बायका टिकल्या.

पण मला या विषयातलं सगळ्यात मोलाचं उदाहरण आपल्याच देशातलं वाटतं. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात 1991 नंतर साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवण्याची चळवळ उभी राहिली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी ती उचलून धरली. हजारो खेडूत बायका सायकल शिकल्या: शेतमजूर, दगडखाणीतल्या कामगार, अंगणवाडी सेविका, शिक्षिका. पी. साईनाथ यांनी ही हकिगत लिहिली, आणि 'दुष्काळ आवडे सर्वांना' या नावाने मराठीत आलेल्या त्यांच्या पुस्तकामुळे ती आपल्याकडेही वाचली गेली. तिथल्या एका विक्रेत्याकडे लेडीज सायकलींची विक्री एका वर्षात 350 टक्क्यांहून जास्त वाढली होती.

त्यातला एक बारकावा मला कायम पुरला आहे. लेडीज सायकली मिळेनाशा झाल्या तेव्हा कित्येक बायकांनी जेंट्स सायकली घेतल्या. नंतर त्यांतल्या काहींना त्याच जास्त आवडल्या, कारण सीटपासून हँडलपर्यंत जाणाऱ्या आडव्या दांडीवर मूल बसवता येतं. दुकानाच्या नियमाप्रमाणे बाईला दांडी नसलेली सायकल. बाईच्या दिवसाप्रमाणे तिला मूल, पाण्याची भांडी आणि शेतमाल घेऊन जायचं होतं. सायकलीचा एकही तांत्रिक शब्द न जाणणाऱ्या त्या बायकांनी आपल्या वापरावरून योग्य यंत्र ओळखलं. नवख्याकडे कोणतं ज्ञान असतं याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

म्हणून वजन, वय आणि बाईपणावरचे शेरे मी सल्ला म्हणून मोजत नाही. सायकलीला वजनाची मर्यादा असते, ती बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकात आकड्यात दिलेली असते. तो आकडा दाखवा म्हणावं, विषय तिथे संपतो. बाकीच्यासाठी एक शांत वाक्य पुरतं: "भाई, मेरेकु सायकल के बारे में बताओ." आवाज चढवायची गरज नाही. दुसऱ्यांदा तेच झालं तर दुकान बदलावं. या शहरात दुकानांची वानवा नाही.

काउंटरच्या पलीकडे

विक्रेत्याच्या बाजूनेही पाहायला हवं. मे ते सप्टेंबर 2020 या पाच महिन्यांत देशात 41 लाखांहून जास्त सायकली विकल्या गेल्याचं सायकल उत्पादकांच्या अखिल भारतीय संघटनेने सांगितलं होतं. टाळेबंदीनंतर व्यायामशाळा बंद, बस-मेट्रोची भीती, म्हणून जो तो सायकलच्या मागे. मग लाट ओसरली, भाडी तशीच राहिली. सायकलच्या किमतीची ऑनलाइन तुलना होते, म्हणून दुकानाची खरी मदार हेल्मेट, दिवे, सीट कव्हर, बाटली आणि सर्व्हिसिंगवर असते. "सोबत हेही घ्या" यामागे हे अर्थकारण आहे. त्यात पाप नाही, पण गिऱ्हाइकाला ते माहीत असावं.

काउंटरवरच्या पोरांचीही अडचण असते. त्यांना नव्या मॉडेलची माहिती पाठ करायला लावतात, चालवायला क्वचित देतात. मग ते जे ऐकलं तेच पुढे सांगतात. याउलट आत ग्रीसने हात माखलेला मिस्त्री कमी बोलतो, आणि त्याला विचारावं ते नेमकं कळतं. माझा अनुभव असा की खरेदी काउंटरवर करावी, पण त्याआधी पाच मिनिटं मिस्त्रीजवळ उभं राहावं. "या सायकली परत दुरुस्तीला येतात तेव्हा काय बिघडलेलं असतं?" या प्रश्नाला तो जे सांगेल ते कोणत्याही माहितीपत्रकात सापडणार नाही.

महागड्या सामानाशिवाय सायकल चालवता येत नाही, हा समज मात्र मुळातून काढायला हवा. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे मुंबईचे तिघे पारशी तरुण 1923 मध्ये सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले आणि सुमारे 71,000 किलोमीटर तुडवून 1928 मध्ये परतले. त्या काळच्या जड पोलादी सायकली, आणि वाटेत वाळवंटंसुद्धा. त्यांच्या तयारीत जिद्द, दुरुस्तीची माहिती आणि चिवट पाय होते. पहिल्या वर्षी आपल्यालाही याच क्रमाने तयारी लागते. पंक्चर काढता येणं हे कार्बनच्या फ्रेमपेक्षा जास्त कामाला येतं.

आत शिरण्यापूर्वी

दुकानात जाण्याआधी कागदावर चार ओळी लिहून न्याव्यात: रोज किती अंतर, कोणता रस्ता, वाटेत चढ कुठे, एकूण किती पैसे. पैशांच्या ओळीत हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, कुलूप आणि पंप धरावा, म्हणजे सायकलीचा आकडा आपोआप जमिनीवर येतो. कुकटपल्लीहून हायटेक सिटीला कामावर जाणाऱ्याची सायकल वेगळी, नेकलेस रोडवर रविवारी फिरणाऱ्याची वेगळी, गंडीपेटपर्यंत जाऊन येणाऱ्याची वेगळी. ज्याला 200 किलोमीटरची 'ब्रेव्हे' ही लांब पल्ल्याची फेरी साडेतेरा तासांत पुरी करायची आहे त्याची आणखी वेगळी. विक्रेत्याने सुरुवात केली की कागद पुढे करावा. जो तो वाचून प्रश्न विचारेल त्याच्याशी बोलणं पुढे न्यावं. जो न वाचताच मॉडेल काढेल त्याचे आभार मानावेत.

चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दुकानासमोरच्या गल्लीत एक फेरी पुरत नाही, निदान एक छोटा चढ, एक वळण आणि एक ब्रेक तरी हवा. "पहले चला के देखती, फिर बात करते" हे वाक्य हैदराबादेत कुणाला लागत नाही. सुरक्षेखेरीज प्रत्येक सुचवलेल्या बदलाला "पंधरा दिवस चालवून सांगते" हे उत्तर द्यावं. पंधरा दिवसांत निम्म्या सूचना आपसूक गळून पडतात आणि उरलेल्यांची गरज अंगाला कळलेली असते. दुरुस्तीला टाकताना काय करायचं, अंदाजे किती लागतील आणि न विचारता काय बदलायचं नाही, हे कागदावर लिहून घ्यावं. काढलेला जुना भाग परत मागावा.

पक्कं बिल घ्यावंच. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलींवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे, तो बिलात दिसला पाहिजे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, आणि तक्रारीसाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. हे माहीत असलेलं गिऱ्हाईक भांडत नाही, त्याला भांडावं लागत नाही.

हे सगळं मी तळमळीने लिहिते आहे, कारण शहर एका वळणावर आहे. 1 ऑक्टोबर 2023 ला बाह्यवळण मार्गालगत 23 किलोमीटरचा, सौर पॅनेलच्या छपराखालचा सायकल मार्ग सुरू झाला. साडेचार मीटर रुंद, एक फाटा नानकरामगुड्यापासून, दुसरा नारसिंगीपासून कोल्लूरपर्यंत. उन्हातल्या शहराला अशी सावली मिळणं मोठी गोष्ट आहे. पण त्या मार्गापर्यंत पोचणाऱ्या प्रत्येक माणसाला आधी एका काउंटरसमोरून जावं लागतं, आणि तिथली दहा मिनिटं तो सायकलवर टिकणार की नाही हे पुष्कळदा ठरवून टाकतात.

म्हणून दुकानदारांना माझी एक विनंती आहे. तुमच्याकडे येणारा नवखा माणूस पुढची वीस वर्षं टायर, चेन आणि सर्व्हिसिंगसाठी तुमच्याकडे येऊ शकतो. त्याला पहिलं वाक्य प्रश्नार्थक द्या: कहाँ चलाना है? आणि उत्तर संपेपर्यंत थांबा. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना सांगायचं ते हे की या प्रश्नाचं उत्तर साऱ्या दुकानात फक्त तुम्हालाच माहीत आहे. ते कुणी विचारलं नाही तरी सांगा, आणि ते ऐकून घेणाऱ्या दुकानातूनच सायकल घ्या.